शेक झाला, व्यायाम राहिला

"मॅडम, आज मशीन लावणार ना?"

सकाळी क्लिनिकचं शटर वर गेलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. विचारणाऱ्या काकूंचं वय साठीच्या आसपास. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पंधरा मिनिटं पडून राहायचं, गुडघ्यांना पॅड लावून घ्यायचे, मुंग्या आल्यासारखं बरं वाटतं, शेजारच्या पलंगावरच्या बाईंशी सुखदुःखाच्या दोन गोष्टी होतात. मग मी म्हणते, "चला काकू, आता हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं." चेहरा पडतो. "ते मी घरी करते हो, आज जरा घाई आहे." घरी त्या करत नाहीत. हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक, हे इतकं घट्ट बसलं आहे की अनेक जण "मी शेकायला जाते" असंच सांगतात. अठरा वर्षं या व्यवसायात काढल्यावर मला प्रामाणिकपणे वाटतं की ही सवय रुग्णांनी लावून घेतलेली नाही, ती आम्ही लावली आहे. मशीन लावायला दोन मिनिटं पुरतात. एका वेळी पाच रुग्णांना पाच मशीन लावता येतात. पाच जणांकडून व्यायाम करून घ्यायचा तर प्रत्येकाजवळ उभं राहावं लागतं, गुडघा आत वळतोय का, श्वास रोखलाय का, कंबर वाकतेय का हे बघावं लागतं. पैसे मात्र दोन्हीचे सारखेच मिळतात. मग व्यायामाचा एक छापील कागद हातात दिला जातो आणि तो फ्रिजवर चिकटतो.

मशीन निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. शेकाने, सौम्य विद्युतप्रवाहाने काही काळ दुखणं कमी वाटू शकतं. त्या कमी दुखण्याच्या वेळात व्यायाम करता आला तर मशीनचा उपयोग झाला. नाहीतर ती पंधरा मिनिटांची विश्रांती, एवढंच. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की अल्ट्रासाऊंड, इंटरफेरेन्शियल, टेन्स, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा हे उपचार देऊ नयेत. व्यायाम मात्र द्यावा. आपल्याकडे कंबर दुखते म्हणून फिजिओकडे गेलेल्या माणसाच्या वाट्याला नेमक्या याच गोष्टी येतात. पट्टा तर तो येतानाच मेडिकलमधून घेऊन आलेला असतो.

व्यायामाला आम्ही उपचार म्हणतो ते काही 'व्यायाम चांगला असतो' अशा सुविचाराच्या अर्थाने नव्हे. हाडं, स्नायू आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा या जिवंत ऊती आहेत. त्यांच्यावर भार पडला की त्या स्वतःला त्या भाराजोगतं घडवतात, भार काढून घेतला की विरघळू लागतात. हाडांबाबत हे बर्लिनच्या युलिउस वोल्फ या शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं की आतला हात कसा काडीसारखा निघतो, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळा पुरावा नको. ही घडण घडवून आणणारा संदेश पेशींपर्यंत पोहोचतो तो ताणातून आणि दाबातून. बाहेरून दिलेल्या उबेत तो संदेश नसतो. गुडघ्याची झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही, हे मी काकूंना सरळ सांगते. पण मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला तर प्रत्येक पायरीला गुडघ्याची ओढाताण कमी होते, दुखणं कमी होतं आणि कठडा सुटू शकतो.

पडून राहिल्याने काय होतं, हे मोजण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटवली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. म्हाताऱ्या माणसांत हे अधिक झपाट्याने होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध फक्त दहा दिवस अंथरुणावर राहिले आणि पायांचं जवळपास एक किलो मांस गमावून बसले. दहाच दिवस, तेही काही आजार नसताना.

हे आकडे मी वाचले ते नंतर. त्याआधी मावशी पाहिली होती.

सातारा जिल्ह्यातलं गाव. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करा, असं सर्जननी सांगितलं होतं, आणि जगभर पद्धत तीच आहे. रुग्णालयात एकदा उभं केलं, ती कळवळली, तिथेच सगळ्यांचा धीर सुटला. घरी आल्यावर मुलांनी पुढच्या खोलीत पलंग मांडला. दिवसभराची बाई ठेवली. सुनांनी ताट हातात दिलं, पाणी तोंडाशी नेलं, सगळं पलंगावरच. गावात कौतुक झालं, मुलं असावीत तर अशी. मी तेव्हा नुकतीच पास झाले होते. फोनवर म्हटलं, तिला उभं करा. पलीकडून दादाचा आवाज आला, "अगं, या वयात कशाला तिचे हाल? आराम करू दे की, आम्ही आहोत ना करायला." मी गप्प बसले. धाकटी, त्यात नुकती शिकलेली. मोठ्या भावाला काय सांगणार? दोन महिन्यांनी तिच्या पाठीला जखम झाली, गुडघे आखडले, मग उभं करायचं म्हटलं तरी पाय तिला तोलेनात. हाड छान जुळलं होतं. एक्स-रे अगदी बघण्यासारखा. त्यानंतर दीड वर्ष ती होती. अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत गेली नाही.

तिची काळजी घेण्यात कुणी कसूर केली नव्हती. काळजी म्हणजे आजारी माणसाला हलू न देणं, हीच आपल्या घराघरांतली समजूत आहे, आणि मी या लेखात भांडते आहे ते तिच्याशी. "उठू नकोस, मी देते", "वाकू नका बाबा", "जिना चढू नका, गुडघे आणखी झिजतील". प्रत्येक वाक्य मायेचं असतं आणि प्रत्येक वाक्यागणिक त्या माणसाच्या हातून एक हालचाल जाते. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक चुरचुरीत लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना जागं करण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हाही रुग्णालयांत झोपवून ठेवणं हाच शिरस्ता होता.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो मला मावशीसाठी फार उशिरा सापडला. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षं वयाच्या, अशक्त अशा दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. हलकंफुलकं नाही, त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगलंच जड. एक जण मध्येच थांबला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या घरात वाढली आणि दोघांची काठी सुटली. वृद्धांच्या पडण्यावर जगभर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये 'कॉक्रेन'ने घेतला. त्यात नियमित व्यायामाने, विशेषतः तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्याच्या व्यायामांनी, पडण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेलं दिसलं. 'वय झालं' हे व्यायाम न करण्याचं कारण सांगितलं जातं. खरं तर व्यायाम सुरू करण्याचं ते सर्वांत भक्कम कारण आहे.

आता मात्रेबद्दल. गोळी कुणी 'जमेल तेवढी' घेत नाही. व्यायाम मात्र 'जमेल तेवढा करा' असं सांगून टाकतात. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरासमोर गुडघ्याची ऑपरेशनं झालेले सैनिक महिनोन्महिने पडून होते. हलक्या हालचाली करून त्यांचे पाय सुधारत नव्हते. त्याने पायाला वजनं बांधून, ती मोजून, टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. १९४५ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. वजन किती, किती वेळा, कधी वाढवायचं, हे लिहून देण्याची आमची रीत बरीचशी तिथून येते. आपल्या तालमींना यात नवल वाटू नये. कोल्हापुरातला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही; आकडा त्याच्या डोक्यात असतो आणि तो महिन्यामहिन्याने चढत जातो.

मात्रेचं दुसरं उदाहरण मला फार आवडतं. स्वीडनमधल्या उमेओ इथले अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच टाचेमागच्या कंडरेचं जुनं दुखणं होतं. ऑपरेशन करून घ्यायची इच्छा होती, पण वरिष्ठांनी नकार दिला. मग म्हणे त्यांनी चिडून ठरवलं की कंडरेवर इतका भार टाकू की ती तुटेल आणि ऑपरेशन करावंच लागेल. ती तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर हाच प्रयोग केला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार घेत टाच सावकाश खाली सोडायची. दिवसाला १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. दुखलं तरी चालेल, आणि सोपं वाटू लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. पुढच्या अभ्यासांत इतके झळझळीत निकाल प्रत्येक वेळी लागले नाहीत, पण भार देऊन कंडरा बरी करायची ही कल्पना टिकली. महिनाभर पाय वर ठेवून बसलेल्या धावपटूला मी हीच गोष्ट सांगते.

'दुखलं तरी चालेल' हे वाक्य आपल्याकडे कुणाला पटत नाही. दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं, झिजलं, बिघडलं, अशीच धारणा असते. जुन्या दुखण्यात तसं नसतं. वापरातून गेलेला भाग पुन्हा कामाला लावला की तो कुरकुरतोच. आम्ही साधारण असा नियम सांगतो: व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीन-चारच्या आत, सहन होण्याजोगं असावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच असावं. सकाळी वाढलेलं आढळलं तर मात्रा थोडी कमी करायची. व्यायाम बंद करायचा नाही. मधुमेहींमध्ये वारंवार आढळणाऱ्या जखडलेल्या खांद्यात तर घाई आणि भीती दोन्ही नडतात. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात हात ओढून-ताणून काही मिळत नाही, आणि पुढे ठणका ओसरल्यावरही हात पोटाशी धरून ठेवला तर गेलेली हालचाल परत यायला वर्ष-वर्ष लागतं.

मी व्यायामाची बाजू मांडते आहे, म्हणून त्याच्या विरोधात जाणारी गोष्टही सांगायला हवी. कमरेत अचानक उसण भरली असेल तर पहिल्या काही दिवसांत कंबरेचे खास व्यायाम लगेच सुरू करण्यात हशील नाही. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती, काहींना कमरेचे व्यायाम, आणि काहींना फक्त 'झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा' असं सांगितलं. सर्वांत लवकर बरे झाले ते हे तिसरे. अंथरुणवाले सर्वांत मागे राहिले. म्हणजे उसण भरल्यावर पहिला उपचार आहे उठणं, चहा करणं, दुकानापर्यंत जाऊन येणं. ताकदीचा व्यायाम त्यानंतर, उसण पुन्हा पुन्हा भरू नये म्हणून. घोटा मुरगळल्यावर विश्रांती आणि बर्फ, हे सूत्र १९७८ मध्ये लोकप्रिय करणाऱ्या अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. स्वतःचं मत बदलल्याचं इतकं उघड सांगणारे डॉक्टर विरळाच.

काही वेळा मात्र थांबायलाच हवं. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर व्यायाम नको, त्याच दिवशी रुग्णालय. ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एकाच पायाची सुजलेली आणि गरम लागणारी पोटरी, छातीत दाब, हेही तसंच. कोणतं हाड जुळलंय आणि कोणतं नाही, हे सर्जनना विचारल्याशिवाय भार टाकायचा नाही. ऑपरेशननंतर 'भार कधीपासून आणि किती?' हा प्रश्न घरच्यांनी आवर्जून विचारावा. तो विचारला गेला नाही की भीतीपोटी उत्तर आपोआप 'नंतर कधीतरी' असंच होतं.

दुखापत होऊच नये म्हणून काय, यातही व्यायामच हाती लागतो. डेन्मार्कमधल्या पन्नास फुटबॉल संघांच्या ९४२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांना एकच जादा व्यायाम दिला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण धड सरळ ठेवून पुढे सावकाश झुकत जायचं. ना मशीन, ना खर्च. मोसमात मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती त्यांच्यात झाल्या १५, आणि ज्यांना हा व्यायाम दिला नव्हता त्यांच्यात ५२. पण २०१५ मध्ये चॅम्पियन्स लीगमधल्या आणि नॉर्वेतल्या क्लबांकडे चौकशी झाली, तेव्हा बहुतेकांनी हा व्यायाम सांगितल्याप्रमाणे लावलाच नव्हता. पैशाला तोटा नसलेल्या क्लबांची ही कथा, तर आपल्या तालुक्याच्या कबड्डी मैदानाला काय बोल लावणार? तरी मला राहवत नाही. मातीवर दोन जोडीदार असतातच. सरावाआधी दहा मिनिटं काढली तर किती पोरांचा मोसम वाचेल.

पोलीस भरतीची मुलं-मुली तर मला दर भरतीला भेटतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. वर्षभर धावणं नाही. जाहिरात आली की पहाटे चारला डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. कुणीतरी मालिश करून देतं, कुणीतरी इंजेक्शन, पोरगं धावतच राहतं. एखाद्याच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला निघतो आणि भरती हुकते. घरच्यांनी शेतीचा पैसा अकादमीत भरलेला असतो. त्या मुलाला हवं होतं ते साधंच: दोन महिने आधी सुरुवात, आठवड्याला थोडं थोडं वाढतं अंतर, मध्ये सुट्टीचे दिवस, पोटऱ्या आणि कमरेखालच्या स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. हे सांगायला फिजिओच लागतो असंही नाही, अकादमीच्या सरांनी सांगितलं तरी पुरे.

मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकात सुरू झालं. त्यामागे पोलिओच्या साथी होत्या. पोलिओ झालेल्या मुलाच्या पायातला एकेक स्नायू तपासून, कोणता किती काम करतो ते लिहून, त्याप्रमाणे व्यायाम द्यायचा, हे तेव्हाचं मुख्य काम. हातांचं आणि वेळेचं काम. आज सरकारी ओपीडीत एका फिजिओसमोर रांग लागलेली असते, खासगीत जागेचं भाडं डोक्यावर असतं, आणि बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय फिजिओथेरपीचा रुपयाही देत नाहीत. खुब्याच्या ऑपरेशनचे लाखो रुपये मिळतात, पण ते ऑपरेशन ज्याच्यावाचून वाया जातं त्या बारा आठवड्यांच्या व्यायामाचे मिळत नाहीत. यावर २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने लगेच काही होईल असं मला वाटत नाही. रुग्णांनी मागणी केली तर थोडं लवकर होईल. पहिल्या भेटीत विचारा: मला कोणती हालचाल परत मिळवायची आहे, त्यासाठी कोणता व्यायाम, किती वेळा, आणि मी सुधारतेय हे तुम्ही कशावरून ठरवणार? उत्तरात फक्त मशीनचं नाव आलं तर दुसरीकडे जा. हे मी माझ्या व्यवसायबंधूंचा रोष पत्करून लिहिते आहे.

गेल्या वर्षीपासून मी माझ्याकडे क्रम उलटा केला. आधी व्यायाम, मग हवं असेल तर शेक. पहिल्या महिन्यात सहा जण यायचे थांबले. त्यांतल्या दोघी समोरच्या गल्लीत जातात, तिथे नवीन मशीन आल्याचं मला त्यांनीच रस्त्यात भेटल्यावर सांगितलं. गुडघ्यावाल्या काकू मात्र टिकल्या. परवा त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून सलग बारा उठ-बैठका काढल्या, घाम पुसला आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आज मशीन राहू दे, बस चुकेल माझी."